वाळकं लाकूड आणि तुरीचं फूल

दिवाळीत मामांच्या गावाला गेलो होतो. सेलू तालुक्यातलं काळ्या मातीचं शिवार. सोयाबीन काढून झालेलं, कापूस फुटलेला, तूर ऐन फुलात. गोठ्याच्या दारात एक जाडजूड काळा भुंगा घुमत होता. मामांनी पायातली चप्पल काढली आणि एका फटक्यात त्याला खाली पाडलं. "ह्येच ते चक्रीभुंगे. ह्यांनीच औंदा सोयाबीन खाल्लं."

मी तो मेलेला भुंगा तळहातावर घेतला. मागच्या पायांवरच्या दाट केसांत पिवळा पराग गच्च भरलेला होता. पराग गोळा करून नेण्याचं काम फक्त मादी करते. म्हणजे ही मादी होती आणि समोरच्या तुरीतून परत येत होती. वर पाहिलं तर दारावरच्या तुळईला बोट जाईल एवढं गोल भोक होतं आणि खाली जमिनीवर भुशाची छोटी रास पडलेली होती. आत तिची पिल्लं असणार.

मामांचा राग खरा होता. ज्याच्यावर काढला तो जीव मात्र चुकीचा होता, आणि ही चूक बरीचशी आपल्या शब्दामुळे होते. मराठीत 'भुंगा' हा एक शब्द इतक्या वेगवेगळ्या जिवांना चिकटला आहे की मित्र आणि शत्रू एकाच नावानं ओळखले जातात. म्हणून आधी तो गुंता सोडवू.

सोयाबीनवरचा चक्रीभुंगा जेमतेम नखाएवढा असतो. अंग सडपातळ, रंग तांबूस, मिशा लांब. त्याची मादी देठावर किंवा खोडावर दोन चक्रं कोरते, त्यांच्या मध्ये अंडं घालते आणि अळी खोड आतून पोखरत खाली जाते. उसातल्या हुमणीचा भुंगेरा, नारळाचा गेंड्या भुंगा, केळीचा सोंड्या भुंगा ही सगळी त्याच्याच मोठ्या कुळातली मंडळी. त्यांच्या पाठीवर टणक ढाल असते. ते खरे पंख नव्हेत. उडायचे पातळ पंख त्या ढालीखाली घडी घालून ठेवलेले असतात. यांतल्या बहुतेकांची पिल्लं मुळं, खोड असं झाडाचंच काहीतरी खाऊन वाढतात.

मामांनी मारलेला भुंगा या कुळातला नाही. त्याला चार पातळ, उघडे पंख असतात, उन्हात त्यांच्यावर निळी-जांभळी झाक दिसते. तो मधमाशीच्या कुळातला आहे आणि थेट त्याच घराण्यातला आहे. आकारानं तिप्पट-चौपट म्हणून तो वेगळा वाटतो, एवढंच. त्याची पिल्लं पराग आणि मकरंद याशिवाय काहीही खात नाहीत. सोयाबीनचं पान तर तो तोंडातही घेत नाही.

गोंधळाचं आणखी एक कारण शाळेतून येतं. शब्दकोशात 'बंबलबी'चा अर्थ 'भुंगा' असा दिलेला असतो, आणि मोबाईलवर माहिती शोधणारा मुलगा बंबलबीची माहिती वाचून ती आपल्या भुंग्याला लावतो. बंबलबी हा थंड मुलखाचा जीव आहे. जगात त्याच्या २५०हून जास्त जाती आहेत. भारतातल्या जाती प्रामुख्यानं हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगराळ भागात राहतात. सिक्कीममधल्या मोठ्या वेलदोड्याच्या फुलांचं परागीभवन बंबलबी करते. तिच्या सगळ्या अंगावर, पोटावरसुद्धा, लोकरीसारखे दाट केस असतात. राणी, कामकरी माश्या, असं तिचं छोटं कुटुंब असतं. थंडी पडली की कुटुंब संपतं आणि फक्त नवी राणी जमिनीत दडून हिवाळा काढते. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जाणाऱ्या परभणी-नांदेडच्या पठारावर ती नाही.

आपल्याकडे ती जागा ज्यानं घेतली आहे त्याला सुतारभुंगा म्हणणं बरं. शास्त्रात या गटाचं नाव झायलोकोपा, ग्रीक भाषेत अर्थ 'लाकूडतोड्या'. जगभर सुमारे ५०० जाती. आपल्या भागात दिसणाऱ्यांपैकी एक म्हणजे झायलोकोपा फेनेस्ट्राटा, संपूर्ण काळी आणि पंखांवर निळसर चमक असलेली. दुसरी झायलोकोपा प्युबेसेन्स. हिची मादी काळी असते, पण पाठीवर पिवळ्या मखमलीचा तुकडा शिवल्यासारखा दिसतो. तिचा नर मात्र अंगभर सोनेरी-पिवळा. दोघांना एकत्र पाहिलं नसेल तर हे एकाच जातीचे जोडीदार आहेत यावर विश्वास बसत नाही.

ओळख पटवायची सोपी खूण पोटावर आहे. सुतारभुंग्याचं पोट वरून गुळगुळीत, काळ्या काचेसारखं चकचकीत असतं.

नरांबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते त्यांनाच. अंगणात एका जागी हवेत थांबून, समोरून काही गेलं की त्याच्यावर झेप घेणारा भुंगा बहुतेक नर असतो. तो आपली जागा राखत असतो. दुसरा भुंगा, पाखरू, तुम्ही भिरकावलेला खडा, सगळ्यांच्या मागे तो लागतो. पण त्याला नांगीच नसते. कीटकांत नांगी हे अंडी घालण्याच्या अवयवाचंच बदललेलं रूप आहे, त्यामुळे ती फक्त मादीला असते. मादी डंख मारू शकते, पण ती मुठीत धरली किंवा कपड्यात अडकली तरच. घरट्याजवळ उभं राहिलं म्हणून मोहोळाच्या माश्यांसारखी अंगावर धावून येण्याची तिची रीत नाही.

आता त्या गोल भोकात काय चालतं ते पाहू.

मादी वाळलेलं लाकूड निवडते. बाभळीचा वठलेला ओंडका, आंब्याची वाळकी फांदी, जुन्या घराची तुळई, बांबू. जिवंत, ओल्या लाकडाला ती हात लावत नाही. जबड्यांनी ती लाकूड कुरतडत जाते आणि भुसा बाहेर ढकलते. ती लाकूड खात नाही, पचवत नाही. वाळवीशी तिची तुलना होऊच शकत नाही. तोंडाशी भोक सरळ आत जातं आणि मग काटकोनात वळून लाकडाच्या रेषांच्या दिशेनं लांब बोगदा होतो. रेषांना आडवं कोरण्यापेक्षा रेषांबरोबर कोरणं सोपं, हे कुठलाही सुतार सांगेल.

बोगदा तयार झाला की ती फुलांकडे जायला लागते. पराग आणते, मकरंद मिसळून त्याचा घट्ट गोळा मळते, बोगद्याच्या अगदी आतल्या टोकाशी ठेवते. भाकरीच्या पिठाचा उंडा असतो ना, तसाच. एका गोळ्यासाठी तिला किती खेपा घालाव्या लागतात ते फुलं किती लांब आहेत यावर ठरतं. गोळ्यावर ती एकच अंडं घालते आणि मग लाकडाचा भुसा लाळेत कालवून त्याची भिंत घालते. भिंतीपुढे दुसरी खोली, दुसरा गोळा, दुसरं अंडं. अशा पाच-सात खोल्या एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या.

ते अंडं पाहण्यासारखं असतं. सुतारभुंग्यांची अंडी जगातल्या सगळ्या कीटकांच्या अंड्यांत सर्वांत मोठ्या अंड्यांत मोडतात. काही जातींत ती एक सेंटीमीटरच्याही पुढे जातात. आईच्या अंगाच्या मानानं एवढं मोठं अंडं घालायचं तर संख्या कमीच राहणार. मधमाशीची राणी भर हंगामात दिवसाला १५०० ते २००० अंडी घालते. सुतारभुंग्याची मादी एका घरट्यात दहाच्या आत थांबते. ही एक गोष्ट मला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते. मोहोळातल्या शंभर कामकरी माश्या मेल्या तरी मोहोळ उभं राहतं. इथे एक मादी मेली तर ते घरटं तिथेच थांबतं. पुढच्या खोल्या होत नाहीत, दारावर पहारा राहत नाही. मामांच्या चपलेखाली एक भुंगा मेला नव्हता, एक पूर्ण कुटुंब चालवणारी बाई गेली होती.

पहाऱ्याचं सांगायचं राहिलं. सुतारभुंगा 'एकटा राहणारा' असं पुस्तकांत म्हणतात, ते पूर्ण खरं नाही. कोषातून बाहेर आलेली तरुण पोरं लगेच उडून जात नाहीत. मधल्या भिंती पाडून ती काही दिवस त्याच बोगद्यात राहतात आणि आई त्यांना तोंडानं मकरंद भरवते. एखादी मुलगी पुढे दारात बसून राखण करते आणि आई चाऱ्याला जाते. प्युबेसेन्स जातीत हे बारकाईनं अभ्यासलं गेलं आहे. घरट्यावर ताबा कोणाचा यावरून आई-मुलीत, किंवा बाहेरून आलेल्या मादीशी भांडणंही होतात, कारण तयार बोगदा ही मोठी इस्टेट असते. नवा कोरण्यापेक्षा जुना वाढवून घेणं परवडतं. म्हणून एकाच तुळईत वर्षानुवर्षं ये-जा दिसते.

आणखी एक अचंबा. काही जातींच्या मादीच्या पोटाच्या पहिल्या खंडात एक छोटा खिसा असतो आणि त्यात अतिसूक्ष्म कोळीवर्गीय जीव राहतात. डोळ्यांना ते धुळीच्या कणांसारखे दिसतात. नव्या घरट्यात ते तिच्याबरोबर जातात आणि तिथली बुरशी, घाण खाऊन खोली स्वच्छ ठेवतात असं मानलं जातं. अंगातच घरगड्यांसाठी जागा राखून ठेवलेली माशी आहे ही.

भुंग्याला कोरडं लाकूड कोरता येतं, हे आपल्या माणसांनी फार पूर्वी पाहिलं होतं. पैठणजवळच्या आपेगावचे ज्ञानेश्वर. त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाची अवस्था सांगताना भ्रमराचा दृष्टान्त दिला आहे. वाटेल तसलं कोरडं लाकूड भेदणारा भ्रमर कोवळ्या कळीत सापडतो आणि प्राण गेला तरी पाकळी चिरत नाही, असा त्याचा भाव आहे. लाकूड कोरणारा आणि फुलावर जाणारा, या दोन्ही खुणा एकाच जिवात फक्त सुतारभुंग्याच्या जुळतात. म्हणजे आपल्या संतवाङ्मयातला भ्रमर कोण, याचं उत्तर गोठ्याच्या तुळईत आहे. पाकळी न चिरण्याचं म्हणाल, तर तो भाग स्नेहाचा. प्रत्यक्षात लांब नळीच्या फुलातला मकरंद तोंडानं पोचेना, तर हा भुंगा फुलाच्या बुडाला बाजूनं चीर पाडतो आणि मकरंद पिऊन निघून जातो. त्या फुलाला त्याचा काही उपयोग होत नाही. सगळ्याच फुलांशी त्याचा व्यवहार सरळ असतो असं नाही.

पण ज्यांच्याशी सरळ आहे, तिथे त्याची जागा दुसरा कोणी सहजासहजी घेऊ शकत नाही. तरवडाचं झुडूप घ्या. नवरात्रात घटाला ज्याच्या पिवळ्या फुलांची माळ चढते तेच. माळरानावर, बांधावर, रस्त्याच्या कडेला सगळीकडे आहे. या फुलात मकरंद नाहीच. आहे तो फक्त पराग, आणि तोही उघड्यावर नाही. त्याचे परागकोष मिठाच्या डबीसारखे असतात. चहूबाजूंनी बंद, फक्त टोकाला बारीक छिद्र. डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही. भुंगा त्या परागकोषांना पायांनी आणि जबड्यानं कवटाळतो, पंख पाठीवर मिटतो आणि उडण्याचे स्नायू पंख न हलवता नुसते थरथरवतो. सेकंदाला शेकडो वेळा होणारी ती थरथर फुलात उतरते आणि छिद्रातून परागाचा फवारा निघतो. काही पुंकेसर भुंग्याला खाऊ घालण्यासाठी मधोमध असतात, काही लांब वाकडे पुंकेसर त्याच्या अंगाला अशा जागी पराग लावतात की तो त्याला सहज पुसून काढता येत नाही. तोच पराग पुढच्या फुलाला मिळतो. बहाव्याचीही हीच तऱ्हा.

हे पाहायला जायची गरज नाही, ऐकू येतं. उडताना भुंग्याचा आवाज खर्जातला असतो. फुलावर बसल्यावर क्षणभर शांतता होते आणि मग एकदम वरच्या पट्टीतली तीक्ष्ण 'झीं' ऐकू येते, थांबते, पुन्हा येते. सकाळी तरवडाजवळ पाच मिनिटं उभं राहिलं तरी दोन्ही आवाज वेगळे करता येतात.

वांग्याचं फूल याच धाटणीचं आहे. परागकोषाच्या टोकाला छिद्र. टोमॅटोचे परागकोष एकमेकांना चिकटून नळी तयार करतात, तिथेही पराग झटकूनच काढावा लागतो. मधमाशीला ही थरथर जमत नाही. वाऱ्यानं फूल हलून थोडं काम होतं, पण पॉलिहाउसमध्ये वाराही नसतो. म्हणून युरोपात १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून टोमॅटोच्या काचघरांत बंबलबीची तयार कुटुंबं विकत आणून सोडतात. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर बंबलबी मूळची नाही आणि बाहेरून आणायलाही तिथल्या लोकांची तयारी नव्हती. तिथल्या संशोधकांनी त्याऐवजी देशी सुतारभुंगे टोमॅटोच्या काचघरात सोडून पाहिले, आणि २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ते काम करतात असं दिसलं. ब्राझीलमध्ये कृष्णकमळाच्या जातीतल्या पॅशनफ्रूटची शेती तर सुतारभुंग्यावरच उभी आहे. फूल एवढं मोठं की लहान माशी खालून मकरंद पिऊन जाते आणि वर टांगलेल्या परागाला तिची पाठ लागतच नाही. तिथले शेतकरी मळ्यात त्यांच्यासाठी लाकडं ठेवतात.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. वांग्याची प्रत्येक फूलगळ भुंगा नाही म्हणून होते असं समजू नये. वांग्याच्या झाडावर लांब आणि आखूड स्त्रीकेसराची, दोन्ही प्रकारची फुलं येतात. आखूडवाली बहुतेक गळतातच. उरलेल्यांत किती धरतात, फळ किती भरतं, तिथे भुंग्याचा हातभार लागतो.

आता तुरीकडे येतो, कारण मराठवाड्यात हा विषय तुरीशिवाय पुरा होत नाही. तुरीचं फूल बंद पेटीसारखं आहे. खालच्या दोन पाकळ्या होडीसारख्या जुळलेल्या असतात आणि पुंकेसर, स्त्रीकेसर त्या होडीत दडलेले. परागकोष कळी उमलण्याआधीच फुटतात, म्हणून बरीचशी तूर आपलं आपण भागवते. कोणी आलं नाही तरी शेंग धरते. पण जाड माशी त्या होडीवर उतरली की वजनानं होडी खाली दबते, पुंकेसर उसळून वर येतात आणि तिच्या पोटाला पराग लागतो. हलक्या माशीच्या वजनानं पेटी उघडत नाही. सुतारभुंगा, पानं कातरणारी माशी आणि आग्या मोहोळाची माशी ही उघडणारी मंडळी.

यातून काय होतं ते बियाणं राखणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. शेजारच्या वावरात पांढरी तूर आणि आपल्यात लाल, तर दोन-तीन वर्षांत दाण्यात सरमिसळ दिसते. बीजोत्पादनाच्या प्लॉटभोवती अंतर सोडायला सांगतात ते याचसाठी. ही सरमिसळ कोणाला अडचण वाटते, पण हैदराबादजवळ पटनचेरूला असलेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिच्यात संधी पाहिली. कडधान्यांत संकरित बियाणं करणं अवघड, कारण एकेक फूल हातानं उघडून पराग लावायला माणसं पुरणार नाहीत. तुरीत ते काम माश्या करतात. ज्या झाडांना स्वतःचा पराग येत नाही अशा तुरीच्या ओळी आणि पराग देणाऱ्या तुरीच्या ओळी शेजारी लावल्या, आणि मधली ने-आण माश्यांवर सोपवली. त्यातूनच १९९१मध्ये आयसीपीएच ८ हा तुरीचा संकरित वाण आला. जालन्याजवळच्या बदनापूर कृषी संशोधन केंद्राचे तुरीचे वाण आपल्या शिवारात पिढ्यांपासून आहेत, संकरित नसले तरी त्यांच्या फुलांवरही हेच जीव काम करतात.

शेवगा, दोडका, घोसाळं, भोपळा यांच्या फुलांवरही सुतारभुंगा येतो. ताग तर स्वतःच्या परागानं आपोआप बी जवळजवळ धरतच नाही, त्याला जाड माशीच लागते. हिरवळीच्या खतासाठी गाडायचा असेल तर फरक पडत नाही, बी धरायचं असेल तर पडतो.

माळावर रुई तग धरून आहे त्यातही त्याचा वाटा आहे. रुईच्या फुलातला पराग सुटा नसतो. त्याच्या दोन पिशव्या एका चिमट्याला टांगलेल्या असतात, आणि तो चिमटा फुलातल्या अरुंद फटीत बसवलेला असतो. मकरंद पिताना भुंग्याचा पाय त्या फटीत सरकतो. पाय ओढून काढला की चिमटा पिशव्यांसकट पायाला लटकून येतो. ओढायला जोर लागतो. लहान कीटक कधी कधी तिथेच अडकून मरतात. पुढच्या फुलाच्या फटीत पिशवी बसली की परागीभवन झालं. शनिवारी मारुतीला घालायची पानं आणि वाऱ्यावर उडणाऱ्या म्हाताऱ्या, दोन्हींमागे हा व्यवहार आहे.

रुईचं महत्त्व वेगळ्याच कारणानं मोठं आहे. सुतारभुंगा मध साठवत नाही. मोहोळात दुष्काळाची बेगमी असते, याच्याकडे उद्यासाठी काही नसतं. त्याला रोज फूल लागतं. कार्तिक-मार्गशीर्षात तूर आहे. माघ-फाल्गुनात शेवगा, पांगारा, गिरिपुष्प आहे. वैशाखात करंज आणि बहावा. पावसाळ्यात वेलवर्गीय भाज्या, तरवड. या सगळ्यांच्या मधल्या फटी रुई भरते, कारण ती भर उन्हाळ्यातही फुललेली असते. बांध साफ करण्याच्या नावाखाली तणनाशक मारून रुई-तरवड जाळली की आपण तुरीच्या भुंग्याचं उन्हाळ्यातलं रेशन बंद करतो. मला या गोष्टीचं खरंच वाईट वाटतं, कारण या दोन झाडांना ना पाणी लागतं ना जागा, आणि जनावरंही त्यांना तोंड लावत नाहीत.

उन्हाचं म्हणाल तर हा जीव उन्हाला सरावलेला आहे. उडणाऱ्या मोठ्या माशीचे स्नायू स्वतःच तापतात. सुतारभुंगा ती उष्णता डोक्याकडे, पोटाकडे वळवून बाहेर टाकू शकतो. तरी भर दुपार तो बहुधा बोगद्यात काढतो आणि सकाळी व संध्याकाळी कामाला निघतो. त्याचा एक भाऊबंद तर रात्री उडतो. भीमाशंकरच्या जंगलातल्या झायलोकोपा ट्रँक्वेबारिका या जातीवरचं संशोधन २००८मध्ये प्रसिद्ध झालं. चांदणं नसताना, नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात ती माशी रंग ओळखते असं त्यात सिद्ध झालं. माणसाला त्या उजेडात रंग दिसतच नाहीत.

जेवणाइतकाच घराचा प्रश्न आहे. आमच्या लहानपणी गावात माळवदाची घरं होती. जाड मातीच्या भिंती, सागाच्या नाहीतर बाभळीच्या तुळया. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-धाराशिवच्या भागात हजारो माणसं त्याच दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली गेली. त्यानंतर जो तो माळवद उतरवून स्लॅब टाकू लागला, ते योग्यच होतं. पण त्याबरोबर घरातलं लाकूड गेलं. बैलगाडी गेली, लाकडी नांगर गेला, ट्रॅक्टरला वळायला अडतात म्हणून बांधावरची बाभळ-बोर गेली, वठलेलं खोड त्याच दिवशी सरपणाला गेलं. सुतारभुंग्याला आता गावात वाळकं लाकूड कुठे सापडत असेल, हे आपल्या शिवारात एकदा हिंडून पाहिलं तर कळतं.

दारंखिडक्या कोरल्या तर काय, हा प्रश्न रास्त आहे. रंग किंवा तेल लावलेलं लाकूड ती टाळते. म्हणून चांगल्या चौकटीला दोन वर्षांतून एकदा तेलाचा हात द्यावा. एखाद-दुसऱ्या भोकानं तुळई पडत नाही. तीच तुळई अनेक वर्षं पुन्हा पुन्हा कोरली गेली तर कमकुवत होऊ शकते. तसं वाटलं तर पिल्लं उडून गेल्यावर भोक बुजवावं आणि शेजारी तिला दुसरी सोय द्यावी. अंगठ्याएवढ्या पोकळीचे बांबूचे तुकडे, एका बाजूला पेर बंद ठेवून, वळचणीखाली आडवे बांधले की पुरतं. भोकात कीटकनाशक ओतू नये. तोच भुंगा समोरच्या तुरीवर जातो.

फवारणीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण नुकसान तिथे होतं. शेंगा पोखरणारी अळी आणि भुंगा दोघंही तुरीच्या फुलोऱ्यातच येतात. अळीला सोडून चालणार नाही. पण हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे) लावून त्या अळीचे पतंग किती येतात ते पाहावं, पक्ष्यांसाठी थांबे उभे करावेत, कळी लागताना ५ टक्के निंबोळी अर्क मारावा, आणि रासायनिक औषध लागलंच तर सकाळी फुलं गजबजलेली असताना न मारता दिवस कलल्यावर मारावं. चार औषधं एकत्र कालवून मारण्याची जी सवय लागली आहे ती तर अळीसाठीही उपयोगाची नाही.

हे सगळं मी मामांना त्याच दिवशी सांगितलं नाही. तो मेलेला भुंगा कागदावर ठेवला, खिशातल्या भिंगातून त्यांना पायांवरचा पराग दाखवला आणि तुरीच्या एका फुलाची होडी काडीनं दाबून पुंकेसर कसे वर येतात ते दाखवलं. मामा बराच वेळ काडीनं फुलं दाबत राहिले. "म्हंजे जड असल्याबिगर उघडंना हे," ते म्हणाले.

गोठ्याचं छप्पर त्यांनी या उन्हाळ्यात पत्र्याचं केलं. तुळई काढली, पण विकली नाही. लिंबाच्या खोडाला टेकवून, पाऊस लागू नये म्हणून वर जुन्या पत्र्याचा तुकडा टाकून, उभी करून ठेवली आहे. परवा फोनवर सांगत होते की खाली पिवळा भुसा पडायला लागलाय.